हरलेली कुस्ती मोबाईलात संपत नाही

मंडळी, आज दुपारी माझा सतरा वर्षांचा मुलगा तालमीत आला आणि खुंटीवरचा आपला लंगोट पिशवीत भरू लागला.

गेल्या महिन्यात तासगावजवळच्या एका जत्रेत तो चितपट झाला. कुणीतरी तेवढंच पडणं हसण्याचा आवाज जोडून मोबाईलवर टाकलं. पोरगं पुन्हा पुन्हा पडतंय आणि खाली लोक लिहितायत, "पोतं पडलं." आता कॉलेजातही त्याला पोतंच म्हणतात.

मी वस्तादाविना, नुसतं बघून डाव शिकलेला माणूस. चुकीचं मला सोसत नाही. एकेकाला उत्तर देत बसलो: हा डाव पट नव्हे, ढाक आहे. आधी उजवा पाय सुटला, मग पाठ लागली.

आज त्याला विचारलं, "कुस्ती सोडतोस व्हय रं?"

"आबा, आधी तुमी उत्तरं द्यायची सोडा. तुमी लिवलं की लोक परत भांडाय येत्यात, आन् व्हिडिओ आणखी पसरतोय. माझ्या वर्गातल्यांस्नी तो तुमच्यामुळंच दिसला."

तो पिशवी उचलून घरी गेला.

आखाड्यात हरलेला गडी माती झटकून उठतो, पुढच्या जत्रेपर्यंत लोक विसरतात. हा घरी आला की खोलीत स्वतःचं पडणं बघत बसतो. जेवायलाही बाहेर येत नाही.

माझी सगळी उत्तरं मी पुसली. व्हिडिओ आहे तिथंच आहे. डावाला तोड असते, ह्याला कुठली ते मला कळत नाही.

ही पोस्ट कृपा करून आपल्या गटाबाहेर पाठवू नका. तुमच्या घरात असं लेकरू पुन्हा उभं राहिलं असेल तर एवढंच सांगा: त्याचं दार वाजवून पहिलं काय बोलू?