उलटा चिमटा

पंपघरात तिला सगळे मॅडम म्हणायचे आणि कॉलेजात काकू. काकू म्हणणारी पोरं तिच्या लेकीच्या वयाची, रागवायचं तरी कुणावर? ती पहिल्या बाकावरून मागे वळायची आणि म्हणायची, "काकू म्हणा हवं तर, पण ते शेवटचं गणित मला पुन्हा समजावून सांगा." पोरं मुकाट्याने सांगायची.

इलेक्ट्रिकलची पहिली पदवी घेऊन संसाराला लागलेली ही बाई चाळिशी उलटल्यावर मास्टर्सला बसली. बढतीसाठी नाही, पगारासाठी तर नाहीच. गावाला पाणी चढवणारे पंप कसे चालवायचे हे तिला पाठ होतं, पण ते असेच का वागतात हा भुंगा डोक्यातून जाईना. एवढ्यासाठी दिवसभर नोकरी, संध्याकाळी वर्ग आणि उरलेल्या वेळात घर, असली ओढाताण कोण करून घेतं? ही करून घेत होती. अशी हौस असलेली माणसं विरळाच हो, बाकीच्यांना नुसती सर्टिफिकिटं हवी असतात.

नवरा शिंपी. त्याच्या कापड बेतायच्या लांब टेबलावर हिचे आलेख पसरलेले असायचे, आणि एकदा तर त्याने त्यातल्याच एकावर खडूने बाहीचं माप टाकलं. भांडण झालं, मग दोघंही हसली. मधे सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, त्यात वर्ष गेलं. पुढे लेकीची बारावी आली. शेवटी कॉलेजने बजावलं, या सत्रात तोंडी परीक्षा झाली नाही तर नाव कमी करू. तिने सगळं सोडायचं मनावर घेतलं, तर काठी टेकत सासूबाईच आल्या. "उखळात डोकं घातलंस ना? मग आता मुसळाला काय भितेस? पोळ्या मी बसून लाटीन."

प्रबंधाचा विषय पंपघरातलाच होता. वीजकेंद्रापासून पंपापर्यंत जमिनीखालून केबल येते, तर त्या वाटेत वीज किती वाया जाते ते मोजायचं. केंद्रातला मीटर होताच. पंपाच्या पॅनेलमध्ये तिने तीन तारांना तीन चिमटे लावले. तारेभोवती मिटणारा हा चिमटा तिच्यातला प्रवाह मोजतो. चिमटे जोडलेलं वीज मोजायचं यंत्र जुनं, तिन्ही तारांतल्या विजेची बेरीज तेवढी दाखवायचं. आणि बेरीज आली ती केंद्रातल्या आकड्याच्या जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे दोन तृतीयांश वीज वाटेतच गडप. मार्गदर्शक सर तर हरखूनच गेले. केबल सडली आहे, हा मोठा शोध आहे, असं त्यांनी विभागभर सांगितलंसुद्धा. प्रबंध छापून परीक्षकांकडे गेला. बाईचे पाय जमिनीवर नव्हते, आणि का असावेत?

तोंडी परीक्षेत दाखवायला केबलचा एक फोटो हवा होता. तिने पंपघरातल्या चरावरचं झाकण उचललं, खाली वाकली आणि सवयीने केबलला उलटा हात लावला. विजेच्या कामात मुरलेली माणसं कशालाही तळहात लावत नाहीत. झटका बसलाच तर बोटं आवळतात आणि तळहात तिथेच चिकटून राहतो, म्हणून उलटा हात. केबल जाड वेष्टनाची होती, भीतीचं कारण नव्हतं. पंप घरघरत होते आणि केबल नुसती कोमट होती.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. वाया गेलेली वीज जाते कुठे? उष्णतेतच ना? मग एवढी वीज गिळणारी केबल कोमट कशी? तिचा तर केव्हाच कोळसा व्हायला हवा होता.

ती पॅनेलपाशी गेली. प्रत्येक चिमट्यावर बाण असतो, तो पंपाकडे बघत असला पाहिजे. मधल्याचा बाण केंद्राकडे होता. अडचणीच्या जागी हात वाकडा घालून तिनेच तो लावला होता. एका तारेचा आकडा बेरजेत मिळवायच्या ऐवजी वजा होत होता, शेजारच्या एकाला खाऊन टाकत होता. उरलं काय, तर एक तृतीयांश. शोध गेला, केबल ठणठणीत, आणि पदवी टांगणीला. तिला रडू फुटलं, आणि पंपांच्या आवाजात ती चांगली मोकळेपणी रडली.

मग डोळे पुसून तिने मधला चिमटा सरळ केला, सगळी मापं पुन्हा घेतली आणि सरांकडे गेली. सर म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी विचारणार नाही. पदवी घ्या आणि सुटा. आता तोंड उघडलंत तर सत्र हातचं जाईल, पुढचं मिळणार नाही."

घरी तिने सांगितलं तेव्हा नवऱ्याने मशीन थांबवलं. "चुकीचं शिवलेलं उसवावं लागतं," एवढंच म्हणाला आणि पुन्हा मशीन सुरू केलं. रागच आला तिला. उसवायला याचं काय जात होतं?

परीक्षेच्या खोलीत सर होते आणि बाहेरून आलेले एक वयस्क परीक्षक. "सुरुवात करा," सर म्हणाले.

"त्याआधी एक सांगायचंय," ती म्हणाली. "प्रबंधातला मुख्य निष्कर्ष चूक आहे. चूक माझी आहे." आणि तिने फळ्यावर तीन तारा काढल्या, मधला बाण उलटा काढला, केबल कोमट का होती ते सांगितलं, मग नवे आकडे मांडले. सर खिडकीबाहेर बघत होते.

परीक्षकांनी फळ्यावरचे आकडे एकेक करून तपासले. "हे तुम्हाला कुणी दाखवून दिलं?"

"कुणी नाही. हात लावल्यावर कळलं."

"बाई," ते म्हणाले, "एवढी वीज गिळणारी केबल तासभरही टिकत नाही. प्रबंध वाचला त्याच दिवशी मला हे कळलं होतं. मी आज तुम्हाला नापास करायला आलो होतो."

सरांनी खिडकीवरून नजर काढली. ती फळ्याला पाठ टेकून उभी राहिली.

"महिनाभरात ते प्रकरण नव्याने लिहून द्या," परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. "पासाची सही मी आत्ताच करतो. बसा आता, किती वेळ उभ्या आहात."