कुंची घातलेल्या शांतक्का

सुई टोचून तुम्ही मोकळ्या, ताप मात्र आमच्या घरात! पहिल्याच दिवशी मी शांतक्कांना हे तोंडावर बोलले. त्या चौकशीला येऊन दारात उभ्या, आणि माझ्या मांडीवर तान्हा प्रकाश तव्यासारखा तापलेला. त्याच सकाळी जुन्या हुबळीतल्या दवाखान्यात त्यांनी त्याला लस टोचली होती. ताप येईल, घाबरू नका, असंही सांगितलं होतं. सांगितल्यानं भीती जाते होय?

त्या न रागावता आत आल्या. सासूबाईंनी पोराला लोकरीची कुंची घालून, वर दुपटी गुंडाळून शेगडीजवळ ठेवलेलं.

"अय्य, काढा की हे! आतल्या आत उकडतंय पोर."

"बारशाची कुंची आहे. बाहेरच्या बाईनं हात लावायचा नाही," सासूबाई कडाडल्या.

मला तर रडू फुटायचं बाकी होतं. शांतक्का पदर आवळून समोर बसल्या. "बरं अज्जी, मी बाहेरची. पण मला थंडी वाजतेय, मला तरी द्या की!"

सासूबाईंना हसू आवरेना. कुंची काढली आणि खरंच शांतक्कांच्या डोक्यावर ठेवली. एवढ्या मोठ्या नर्सबाई, न मावणारी कुंची घालून बसल्या! प्रकाश टकामका बघत राहिला.

मग शांतक्कांनी त्याला पातळ झबलं घातलं, वजनाप्रमाणे तापाचं औषध मोजून पाजलं, मला अंगावर पाजत राहायला सांगितलं. "टोचलेलं चोळू नका. दोन दिवसांत ताप हटला नाही, झटका आला, दूध पिणं सोडलं, तर मला शोधत बसू नका. सरळ डॉक्टरांकडे."

"आणि आत्ताच काही झालं तर?"

"म्हणून तर बसलेय री."

पोर दूध पिऊन घामेजलं, तेव्हाच त्या उठल्या. पुढच्या डोसाला सासूबाईच त्याला घेऊन गेल्या. गल्लीत कुणाचं तापलेलं बाळ गुंडाळलेलं दिसलं, की आधी सासूबाईच ओरडायच्या.

आता शांतक्कांना साठ वर्षं पूर्ण झाली. सत्काराच्या लेखात दीर्घायुष्य लाभो, असं लिहायचं असतं म्हणे. नुसतं लिहून लाभतं काय?

अक्का, दसऱ्यापासून संध्याकाळी तुमचा हात कढत लागतो. खोकला हटत नाही. विचारलं की "येतं नि जातं री." आमच्या पोरांना दोन दिवस, आणि तुम्हाला महिने? मला त्या दिवसासारखीच धडकी भरलीय. तुम्ही आम्हाला अजून खूप वर्षं हव्या आहात, धडधाकट.

सत्कार रविवारी आहे. सोमवारी सकाळी मी रिक्षा घेऊन दारात येते. थंडीचं निमित्त सांगू नका, कुंची अजून माझ्या ट्रंकेत आहे. डॉक्टरांकडे येणार की नाही? रविवारी शाल खांद्यावर पडायच्या आधी मला उत्तर पाहिजे.