मागच्या सीटवरचे कान

रायपुरात मोटारसायकलचं दुखणं ओळखणारे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत; पण मागच्या सीटवर एका बाजूला बसून, मांडीवर भाजीची पिशवी सांभाळत, गाडीचा आजार तिच्या मालकाच्या आधी ओळखणारी बाई या शहरात एकच आहे, आणि ती माझ्या समोरच्या घरात राहते. मी गुढियारीत भाड्याने राहायला आलो त्या दिवशी सामान उतरायच्या आत काकू फाटकाशी आल्या. मी नमस्कार केला. त्या "जयभीम" म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता माझ्या गाडीकडे बघत त्यांनी विचारलं, "बाबू, चेनले तेल कधी टाकलं होतं?" मला आठवेना. "तेच म्हणते. गल्लीत शिरला तवाच आयकू आलं," असं म्हणून त्या माझ्यासाठी पाणी आणायला गेल्या.

काका रेल्वेत होते. लग्न होऊन काकू वर्ध्याकडून इथे आल्या आणि पुढची तीस वर्षं काकांच्या मोटारसायकलवर मागे बसून त्यांनी बाजार, दवाखाना, लग्नकार्य सगळं केलं. समोर काकांची रुंद पाठ, तिच्यापलीकडचं काही दिसायचं नाही. रिकाम्या बसलेल्या बाईने कानांनाच कामाला लावलं. इंजिनात त्यांना रस नव्हता. इंजिनाचं मिस्त्री बघून घेईल, असं त्यांचं मत. त्यांचा जीव इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत पोचते त्या वाटेवर, म्हणजे चेन, तिची दातेरी चाकं आणि गिअर यांच्यावर. तिथल्या आवाजांना त्यांनी आपल्या घरातली नावं दिली होती. सैल चेन म्हणजे बांगड्या. गेलेलं बेअरिंग म्हणजे जात्यात आलेला खडा. दाते झिजले की म्हातारा चणे खाऊन राहिला. बोलताबोलता बाहेरून एखादी गाडी गेली की काकू वाक्य अर्धं सोडायच्या, मान तिरपी करायच्या आणि "म्हातारा," एवढंच म्हणून राहिलेलं वाक्य पुरं करायच्या. गल्लीतले काही लोक त्यांच्या घराआधी इंजिन बंद करून गाडी ढकलत नेत, अशी वदंता होती. एकाला तसं करताना मी स्वतः पाहिलं आहे.

त्यांच्या पुतणीला बघायला एक मुलगा मोटारसायकलने आला होता. चहा-पोहे झाले, मुलगा सगळ्यांना पसंत पडला. तो गेल्यावर काकूंनी मत दिलं, "पोट्टा चांगला आहे. पण चेन सुकली आहे त्याची. जे रोज पायाखाली असते तिच्याकडे लक्ष नाही, तो बायकोकडे काय देईन?" हे कुणीतरी त्याच्या कानावर घातलं. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला तो तेलाने चकचकीत चेन घेऊन, आणि चेनचं तेल पँटवर उडालेलं. त्यांचा संसार आता दुर्गला उत्तम चालला आहे.

माझ्या गाडीने मध्यंतरी एक विचित्र आवाज काढायला सुरुवात केली. गिअर टाकला की खट्, ॲक्सिलरेटर सोडला की खट्. मिस्त्रीने चेन बदलली, दातेरी चाकंही नवी टाकली, खट् तसाच. शेवटी काकू म्हणाल्या, "मले बाजारापर्यंत घेऊन चाल." जाताना त्या मान तिरपी करून ऐकत राहिल्या. येताना मला दहादा वेग वाढवायला आणि सोडायला लावला. मग पिशवीसकट थेट मिस्त्रीच्या दुकानात.

"दीदी, सब नया डाला है, अब आवाज कहाँ से आएगी?" मिस्त्री म्हणाला.

"मागच्या चाकाच्या पोटातून," काकू म्हणाल्या. "अंदर कुछ ढीला है. उसका नाम मेरे को नहीं मालूम, जगह मालूम है."

त्याने कुरकुरत चाक उघडलं. झटके खायला आत बसवलेले रबराचे तुकडे झिजून पार चपटे झाले होते. ते बदलले आणि आवाज गेला. तेव्हापासून तो मिस्त्री काकू दिसल्या की हातातला पाना खाली ठेवून उभा राहतो.

पण त्याच वर्षी रक्तातल्या साखरेने काकांची नजर अधू केली. डॉक्टर म्हणाले, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घेत राहिलात तर आहे तेवढी टिकेल. गाडी मात्र चालवायची नाही. पुण्याच्या मुलाचा फोन आला, "मम्मी, बेच दो न गाड़ी. ऑटो से जाया करो." काकू "हव" म्हणाल्या आणि गिऱ्हाइकं येऊ लागली. गिऱ्हाईक गाडी सुरू करी आणि काकू पायरीवरून सांगू लागत, "तिसऱ्या गिअरले कण्हते. थंडीत चेन ताणते. आता खालून आवाज येऊन राहिला ना, तो वाढनच." तीन गिऱ्हाइकं आली तशी गेली. तिसरं गेल्यावर काका आतून शांतपणे म्हणाले, "तू गाडी विकून राहिली का तिची तक्रार करून राहिली?"

संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग विचारलं, "बाबू, क्लच कोण्या हाताले असते?"

गिअरबॉक्सची नाडी ओळखणारी ही बाई आयुष्यात एकदाही पुढे बसली नव्हती. वय एकसष्ट. त्यांनी पंजाबी ड्रेस शिवून घेतला आणि काकांचीच गाडी घेऊन आम्ही रोज सकाळी मैदानात जाऊ लागलो. पहिल्या आठवड्यात त्या चारदा पडल्या. एकदा नडगी चांगलीच सोलली, तेव्हा मी म्हणालो, "काकू, राहू द्या आता."

"काहून राहू देऊ?" गाडी उचलत त्या म्हणाल्या. "ऑटोत बसून हे निसते चूप राहतात. घरी आल्यावरही बोलत नाही."

तोल जमायला दोन महिने लागले. गिअर मात्र पहिल्या दिवसापासून कानांनी बरोबर पडत गेले. लायसन्सच्या परीक्षेत एकदा नापास झाल्या, दुसऱ्यांदा पास.

गेल्या महिन्यात इंजेक्शनचा दिवस होता. दवाखाना शंकर नगरच्या पुढे आणि माझं ऑफिस शंकर नगरात, म्हणून मी मागोमाग निघालो. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, काकांचा हात काकूंच्या खांद्यावर. त्या अगदी हळू चालवत होत्या. रेल्वेच्या पुलाखालून बाहेर पडल्यावर मी जरा जवळ गेलो, तर काकू मोठ्याने सांगत होत्या, "डाव्या बाजूले भाजीबाजार. लाल भाजी आली आहे. पोरं शाळेत चालले, निळे स्वेटर घालून." काकांनी जुन्या भाजीवाल्याचं नाव घेऊन काहीतरी विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हो, तोच. म्हातारा झाला आता. उभाच आहे दुकानापुढं, तुमच्याकडे पाहून हात हलवून राहिला." काकांनी डावीकडे तोंड करून हात वर केला, आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

चौकात मला वळायचं होतं. मी कडेला गाडी थांबवून, ती दोघं गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. मग ऑफिसला गेलो. त्या दिवशी मला उशीर झाला होता.