फोटोला हार, आणि यजमान दारात

समस्त पुणेकर बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की गेल्या कार्तिकात मी एका मृत गृहस्थांच्या हातचे घावन (तांदळाच्या पिठाचं पातळ, जाळीदार धिरडं) खाल्ले. सोबत नारळाचा रस होता. घावन गरम होते, गृहस्थांचे हात गार होते. ज्यांना शंका असेल त्यांनी घरी येऊन माझ्या बायकोला, शैलाला, विचारावं. यायच्या आधी फोन करावा.

सदाशिव पेठेतून निघालो तेव्हा गाडीत आम्ही दोघंच होतो. जायचं होतं पश्चिमेला, ताम्हिणी घाटातून कोकणात. पण आधी अगदी उलट्या दिशेला बिबवेवाडीत जाऊन माझ्या धाकट्या बहिणीला, वसूला, घ्यायचं होतं. वसू पन्नाशीची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बंगळुरात नोकरीला. वसू पिशवी मांडीवर घेऊन मागे बसली आणि म्हणाली, "दादा, काच पुसत जा रे. आपण कोकणात चाललोय हे आपल्याला दिसायला हवं."

जाहीर कारण असं होतं, की शैलाला तिच्या लाडक्या मालिकेतली बाग बघायची होती. आमच्या घरी रोज रात्री वरण गार होतं ते या मालिकेमुळे. समुद्रकाठी एक जुनी बाग, बागेत घर, आणि घरचे आबासाहेब पहिल्याच भागात वारलेले. त्यांची एक इच्छा राहून गेली आहे, म्हणून ते संध्याकाळी सुपारीच्या झाडांतून पाठमोरे चालत जातात. कुठली इच्छा, ते लेखकालाही अजून ठरवता आलेलं नाही.

खरं कारण वेगळं होतं. त्या बागेचे खरे मालक विनायकराव हे शैलाच्या माहेरकडून वसूला आलेलं स्थळ होतं. छप्पन्न वर्षांचे, विधुर, मूलबाळ नाही. दोन्हीकडून ठरलं होतं की बघण्याच्या कार्यक्रमाचा उच्चार करायचा नाही. जमलं तर पुढे बोलू. नाही जमलं तर बाग बघायला आलो होतो, बाग बघून गेलो. त्यांनी मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत नव्वद टक्के माड होते आणि बुंध्याशी बोटाएवढा एक माणूस. वसूने तो बघून अभिप्राय दिला होता, "नारळ चांगले दिसतायत."

घाटात धुकं होतं. एका टपरीवर चहा घेताना शैला भजी सांगायला गेली, तेवढ्यात वसू कपाकडे बघत म्हणाली, "दादा, एक सांगून ठेवते. मी तयार आहे. एकटीचा कंटाळा आलाय, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण पुन्हा एकदा कुणाच्या फोटोला हार घालायची ताकद माझ्यात नाही. म्हणून माणूस धडधाकट हवा. बाकी दिसायला कसाही चालेल, मी तुझ्याबरोबर वाढलेय."

शेवटच्या वाक्यावर मी नाराज व्हायला हवं होतं. पण हाराचं वाक्य ऐकून मी कप तसाच खाली ठेवला होता.

बाग गाठली तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला वाळूची टेकाडं, मध्ये जांभ्या दगडाचा उंच गडगा (चुन्याशिवाय रचलेली भिंत). आरमाराच्या दिवसांत कुणा कारभाऱ्याने बैलांच्या पाठीवरून माती आणून वाळूवर ही बाग उभी केली, असं गावात सांगतात. लाकडी दिंडी ढकलून आत पाऊल टाकलं आणि उजेड कुणीतरी बोटाने कमी करावा तसा कमी झाला. वर सुपाऱ्यांची छत्री, खाली दगडी पाट (पाणी खेळवायच्या पन्हळी), त्यांतून काळं पाणी आवाज न करता सरकत होतं. जायफळाची झाडं इतकी दाट की त्यांच्याखाली संध्याकाळ आधीच झालेली. समुद्र कुठेच दिसत नव्हता. केवड्याच्या बनामागे तो होता, आणि त्याचा आवाज झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा येत होता: आत, मग बराच वेळ काही नाही, मग बाहेर.

"अहो, हीच ती वाट," शैला कुजबुजली. तिच्या आवाजात आनंद आणि भीती निम्मी निम्मी होती. "आबासाहेब इथूनच जातात."

वाटेत अष्टकोनी हौद लागला. काठावर शेवाळलेली दगडी दीपमाळ. फोटोसाठी मी तिला ऐटीत टेकलो, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती दोन पुरुष उंचीची दीपमाळ आडवी होऊन हौदात पडली. आवाज झाला नाही. पाणी उडालं नाही. ती पाण्यावर तरंगत हळूहळू पलीकडच्या काठाकडे निघाली. थर्माकोलची होती, हे समजायला मला जो वेळ लागला तेवढ्यात माझ्या पाठीतून घामाची एक धार खालपर्यंत जाऊन आली. मी ती एका हाताने उचलून जागच्या जागी ठेवली. पालथी ठेवली असावी. शेवाळ वर गेलं.

पुढे सुपाऱ्यांच्या रांगेच्या टोकाला पांढरे कपडे घातलेला एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता. मी खाकरलो. तो हलला नाही. जवळ जाऊन बघतो तर काठीवर सदरा आणि उपरणं, आत पेंढा. प्रकाशयोजना जुळवण्यासाठी चित्रीकरणवाल्यांनी उभा केलेला पुतळा. आम्ही तिघं गरजेपेक्षा जास्त हसलो.

मग घर आलं. कौलारू, बुटकं. ओसरीवर झोपाळा, आणि तो झुलत होता. फार नाही; कुणी नुकतंच उठून आत गेल्यावर झुलावा इतकाच. झोपाळ्याच्या मागे भिंतीवर एका गृहस्थांचा मोठा फोटो, त्याला हार, आणि फोटोखाली लामणदिवा. दिवा पेटलेला.

"हेच आबासाहेब," शैलाने हात जोडले.

वसू फोटोसमोर थांबली. मग तिने पिशवीतून मोबाइल काढला, ते माडांचं चित्र उघडलं आणि दोन बोटांनी मोठं करत करत बोटाएवढ्या माणसाच्या तोंडापर्यंत आली. मोबाइल माझ्यापुढे धरला.

"कान बघ," ती म्हणाली.

कान तेच होते. नाक तेच होतं. डाव्या भुवईवरची खूण तीच होती. माझी बहीण ज्या स्थळाला बघायला एवढा घाट उतरून आली होती, ते स्थळ भिंतीवर हार घालून टांगलेलं होतं. शैलाने आजवर मालिकेत हा फोटो शेकडो वेळा पाहिला होता. पण तिने बोटाएवढा माणूस कधी मोठा करून पाहिला नव्हता, आणि वसू मालिका बघत नव्हती. वसूचं तोंड मात्र असं झालं होतं, की ते मला पुन्हा बघायचं नाही. तिने मोबाइल पिशवीत टाकला, पिशवीची चेन लावली आणि म्हणाली, "चला."

अशा वेळी घरात कुणाला हाक मारून काय विचारायचं, याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात शैलाने माझी बाही ओढली. मागे जायफळाखाली आणखी एक पांढरा सदरा उभा होता.

"पुतळाच आहे तोही," मी धीर देत म्हणालो.

"नमस्कार," पुतळा म्हणाला. "पुण्याची मंडळी ना? मी रहाटाकडे होतो, दिंडीचा आवाज ऐकू आला नाही. आणि ती दीपमाळ उलटी ठेवलीत, असू दे. या, बसा. झोपाळ्यावर मात्र नको."

फोटोखाली फोटोतलाच माणूस येऊन उभा राहिला. मी हात पुढे केला. त्यांचा हात बर्फासारखा गार लागला. ते नुकतेच पाटात हात धुऊन आले होते, पण हे त्यांनी नंतर सांगितलं.

आम्ही ओसरीच्या कडेला बसलो. वसू उभीच राहिली. विनायकरावांनी तिच्याकडे एकदा आणि फोटोकडे एकदा पाहिलं आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"तुम्ही हे बघितलंत होय. मी आधी कळवायला हवं होतं. पण पत्रिकेबरोबर असं कसं कळवायचं, की मालिकेत मी वारलोय?"

झालं होतं ते असं. मालिकेच्या पहिल्या दिवशी भिंतीवर टांगायला वयस्क माणसाचा फोटो लागणार होता. विनायकराव सुपारी घेऊन बाजाराला गेले होते. सेट उभारणाऱ्यांनी कपाटातला त्यांचा फोटो काढला, मोठा केला आणि लावला. परत आल्यावर ते म्हणाले, "चार दिवसांचा प्रश्न आहे, राहू दे." मालिका चालली. आता मधल्या कुठल्याही दिवशी मंडळी चित्रीकरणाला येतात, म्हणून काही हलवायचं नाही असा नियम. हार हलवायचा नाही. झोपाळ्यावर बसायचं नाही. ओसरी आबासाहेबांची, मागचं स्वयंपाकघर यांचं.

"आणि गावात?" मी विचारलं.

"गावात न्हावी आता घरी येत नाही. मीच जातो, तर आधी दुसऱ्यांची दाढी करतो. बायका वाटेत दिसल्या तर पदर सावरतात आणि वळतात. कुणी वाईट वागत नाही. पण फोटोला हार पडलेल्या माणसाला सत्यनारायणाचं बोलावणं कोण देईल?"

"दिवा कोण लावतं?" वसूने विचारलं. त्यांच्याशी तिचं हे पहिलं वाक्य.

"मीच. दुसरं कोण आहे?"

केवड्यामागे समुद्राने श्वास आत घेतला.

विनायकराव उठले आणि मागे जाऊन घावन घालायला लागले. आम्हीही चुलीशी गेलो. परसातल्या फणसावर कावळे ओळीने बसले होते. विनायकरावांनी पहिल्या घावनाचा तुकडा दारात टाकला, तो जमिनीला लागायच्या आत गेला.

"यांचंच खरं दुखणं आहे," ते तवा पुसत म्हणाले. "मालिकेत आबासाहेबांच्या पिंडाला कावळा शिवत नाही, असा प्रसंग होता. इच्छा राहिलेली ना. हौदाकाठी पिंड ठेवला, कॅमेरा लावला, सगळे श्वास रोखून उभे. आणि हे सगळे एकदम उतरले. रोज माझ्या हातचं खातात, त्यांना काय. दुसरा पिंड ठेवला, तोही गेला. भात संपेस्तोवर हेच. शेवटी संगणकातून कावळा आणला म्हणे, न शिवणारा."

शैला हसायला लागली. मीही.

"गावातले बघायला जमले होते," ते पुढे म्हणाले. "त्यातला एक म्हणाला, सुटला बिचारा, काही मागे राहिलं नाही याचं. मी जायफळाआड उभा होतो." त्यांनी घावन उलटलं. "इच्छा आहे हो माझी. निदान विचारायचं तरी."

हे वाक्य ते तव्याशी बोलले. वसू दाराशी उभी होती. तिने पुढे होऊन नारळरसाची वाटी त्यांच्या हातून घेतली आणि माझ्या पानात वाढली. इतकी, की ती सांडली.

"मेलेल्या माणसाच्या मानाने तब्येत बरी आहे तुमची," ती म्हणाली.

विनायकराव हसले. मोठ्याने, दात दिसतील असे. फणसावरचे कावळे उडून पुन्हा बसले.

निघताना अंधारत आलं होतं. ओसरीवरचा दिवा तेल संपून विझला होता. विनायकराव तेलाची बुधली आणि काडेपेटी घेऊन फोटोखाली उभे राहिले. झोपाळा पुन्हा झुलत होता.

"याला दोरी बांधली असेल ना, बारीकशी?" मी सहज विचारलं.

"होती. मागच्या आठवड्यात तुटली," ते म्हणाले.

पान हलत नव्हतं. मी झोपाळ्यापासून दोन पावलं लांब झालो.

वसूने फोटोकडे पाहिलं. जवळ जाऊन हार बोटाने दाबून बघितला. "प्लास्टिकचा आहे," ती स्वतःशी म्हणाली. मग विनायकरावांकडे वळून, "दिवा आज राहू दे."

"अहो, पण उद्या सकाळी ते लोक आले तर…"

"आज राहू दे."

त्यांनी काडी ओढली नाही, काडेपेटी खिशातही टाकली नाही. तशीच हातात धरून ते दिंडीपर्यंत पोचवायला आले. गाडी वळवताना मी आरशात पाहिलं. उघड्या दिंडीतून सुपाऱ्यांत दोन पांढरे सदरे दिसत होते. त्यांतला एक परत घराकडे चालू लागला. कुठला, ते ओळखू आलं. ओसरी काळोखातच राहिली.

घाटात शैलाने दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा वसूने काच खाली करून वर केली. माझ्या मनात येत होतं, की आपण माणसाला किती चटकन भिंतीवर चढवतो. एक हार पडला की त्याची भूकतहान, आवडनिवड सगळं संपलं असं ठरवून मोकळे होतो, मग तो माणूस खाली उभा राहून चहा विचारत का असेना. वसूलाही नवरा गेल्यापासून आम्ही असंच त्याच्या फोटोशेजारी टांगून ठेवलं होतं. हार नव्हता, एवढंच.

चांदणी चौकातले दिवे दिसले. स्वारगेटला सिग्नल लागला. सगळीकडून हॉर्न, समोर बस आडवी. बिबवेवाडीचं वळण आता जवळ आलं होतं आणि तिला सोडताना काय विचारायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात मागच्या सीटवरून, शेजारच्या रिक्षावाल्याने वळून बघावं इतक्या मोठ्याने, माझी बहीण म्हणाली,

"त्या कावळ्यांना काय कळतंय!"