चन्नबसम्माचा नंदी आणि चार कॅन

जिंतूर तालुक्यातल्या धरणाकाठच्या एका गावात भीमाशंकर विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याची पत्र्याची होडीही त्यानंच वेल्डिंग करून बनवलेली. पलीकडच्या टेकडीवर महादेवाचं देऊळ आहे. धरण भरलं की टेकडीला चारी बाजूंनी पाणी लागतं. भीमाशंकरची बायको चन्नबसम्मा हिनं त्या देवळात दगडी नंदी बसवायचा नवस बोलला होता. पाथरवटानं उशीर केला आणि नंदी आला तो श्रावणातल्या एका रविवारी. मुहूर्त सोमवारी सकाळचा, आणि गावच्या मठातल्या स्वामींनी बजावलेलं, नवस करणारीनं नंदीसोबतच गेलं पाहिजे.

आडतीच्या काट्यावर नंदी भरला एकशे ऐंशी किलो. मग भीमाशंकरनं बायकोला तिचं वजन विचारलं. ती पन्नास म्हणाली. तो नुसता काट्याकडे बोट दाखवून उभा राहिला. अडुसष्ट निघालं. त्याचं स्वतःचं बासष्ट. दुकानाच्या शटरवर खडूनं बेरीज झाली, तीनशे दहा.

होडी दीडशे किलो पेलायची. त्यापुढं पाणी काठाला यायचं. उरले एकशे साठ; तेवढ्यासाठी होडीच्या बाजूंना रिकामे प्लास्टिकचे कॅन बांधायचं ठरलं. पस्तीस लिटरचा बंद कॅन हौदात सोडून, वर वजनं ठेवून त्यानं पाहिलं. एक कॅन बत्तीस किलो तोलून धरत होता. म्हणजे पाच कॅन, पण दोन्ही बाजू सारख्या हव्यात म्हणून सहा. गावातून सहा कॅन गोळाही झाले. चन्नबसम्मानं एकेकाचं झाकण उघडून वास घेतला आणि दोन बाजूला काढले.

"हे फवारणीचे हायत. जहराच्या डब्यावर देव न्यायचा न्हाई."

रविवारची दुकानं बंद. उरले चार. बेरीज बत्तीस किलोंनी तुटायला लागली, तसा तो चिडून म्हणाला, मग तूच ऱ्हा काठावर.

ती घागर घेऊन विहिरीवर गेली. भरलेली घागर पाण्यात असेतो बोटावर येत होती; पाण्याबाहेर आली की खांदा ओढायची. रोजचंच होतं, पण आज तिनं घागर दोनदा खालीवर केली आणि तशीच दुकानात आली.

"आवं, नंदी होडीत कशाला बसवायलाव? होडीखाली पाण्यातच लटकवा की."

भीमाशंकर हसला. मग हसू थांबवून त्यानं आठ किलोचा दगड ताणकाट्याला बांधून हौदात सोडला. काटा पाचावर आला. शटरवरचं सगळं त्यानं बाहीनं पुसलं. त्याच हिशेबानं पाण्यातला नंदी एकशे तेरा. बेरीज दोनशे त्रेचाळीस, आणि होडी अन् चार कॅन मिळून पेलणार दोनशे अठ्ठ्याहत्तर.

आता शंका आली ती चन्नबसम्मालाच. आपण वर बसायचं आणि नंदी खाली? ती स्वामींकडे गेली. म्हातारे स्वामी खुशीत आले.

"अगं, वाहनच हाय ते महादेवाचं, त्याला कशाचा राग? आणि प्रतिष्ठेआधी मूर्ती पाण्यात ठेवावीच लागती. तुझ्या नंदीचं ते वाटेतच होऊन जाईल."

सोमवारी होडीला दोन्ही बाजूंनी दोन-दोन कॅन बांधले आणि कंबरभर पाण्यात नंदीला जाड दोरात अडकवून होडीखाली लटकवलं. दोघं बसली. होडी दबली, काठ पाण्यावर चार बोटं उरला आणि तिथंच ठरला. भीमाशंकर वल्हवत होता. चन्नबसम्मा ताणलेला दोर धरून वाटभर "ॐ नमः शिवाय" म्हणत होती.

पलीकडं नंदी पाण्याबाहेर आला आणि पुन्हा पुरता एकशे ऐंशी किलोचा झाला. आधीच्या खेपांत येऊन थांबलेल्या सहा जणांची कंबर वाकली.

"आत्तापोत्तर ह्याचं ओझं कुठं होतं, वैनी?" त्यातल्या भागवतनं धापा टाकत विचारलं.

"पाण्यानं धरलं होतं," ती म्हणाली, आणि मुहूर्ताला पाव तास बाकी असताना पदरानं नंदीची ओली पाठ पुसायला बसली.