परीक्षेला न येणारं पान

नर्सिंगच्या होस्टेलात किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. बरेचसे हसण्यावारी नेता येतात. हे थोडे मात्र एका काळजीभोवती जमलेत, आणि त्या काळजीनं तेव्हा माझी झोप उडवली होती. मी शिकायला परभणीला आणि माझी पाच वर्षांची गौरी चुडाव्याला, सासूबाईंजवळ. पुस्तकातलं एक पान वाचलं आणि मनात आलं, माझ्या पाठीमागं माझ्या पोरीला कुणी काही केलं तर मला कळणार कधी? रविवारी, पॅसेंजरनं पोचल्यावर?

त्या पानावर एकच परिच्छेद होता. जगात काही ठिकाणी लहान मुलींच्या नाजूक जागेचा भाग रीत म्हणून कापतात. पुढं लघवीला त्रास, बाळंतपणात त्रास. आमच्या सिस्टरांनी तो भरभर वाचला, "हे परीक्षेला येत नाही" म्हणाल्या आणि पान उलटलं.

आम्ही सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं: 'परीक्षेला येत नाही.'

*

मेसमध्ये विषय निघालाच. सुनंदा चारठाण्याची, वर्गात सगळ्यात मोठा आवाज तिचा. ती म्हणाली, "ते तिकडं आफ्रिकेत. आपल्याकडं असलं काय न्हाई."

कुणीतरी म्हणालं, पोरांची सुंता असते तसंच असेल. त्यासरशी सगळ्यांच्या माना नसरीनकडं वळल्या. माझीही वळली, हे कबूल करते.

नसरीन वरण वाढत होती. "माझ्याकडं काय बघायलात? आमच्या घरी पोरींचं असलं काय नसतं. मी बी आजच ऐकायले." मग पळी तशीच वर धरून म्हणाली, "आता वाढू, का अजून काय इचारायचंय?"

सगळ्यांनी मुकाट ताटं पुढं केली. माझ्या शेजारी मुनीरा बसली होती, मानवतच्या लोखंडी सामानाच्या दुकानदाराची मुलगी, मोजकं बोलणारी. तिच्याकडं कुणाचीच मान वळली नव्हती.

*

त्या रविवारी चुडाव्याला गेले तर गौरीचं नाक टोचलेलं! नाकात कडुनिंबाची काडी, डोळ्यांत पाणी, आणि हातात लाच म्हणून मिळालेला गुळाचा खडा.

मी असा काही आवाज चढवला की शेजारीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली. सासूबाई शांत होत्या. "नाकच टोचलं न्हवं? तुझं टोचलं तवा तुला इचारलं होतं व्हय?"

परतीच्या गाडीत मला चार उत्तरं सुचली, चारही पुस्तकातली. मी निघाले तेव्हा गौरी आरशासमोरून हलायला तयार नव्हती, हे वेगळंच. नाकातली काडी आणि पुस्तकातलं ते पान एकाच तागडीत घालणारी मी शहाणी की खुळी, ते अजून ठरलेलं नाही.

*

प्रसूतीच्या वॉर्डात लांबच्या गावाहून माहेरी आलेली एक बाई दाखल झाली. तपासताना सुनंदाला नाजूक जागी जुना व्रण दिसला. तिनं आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाई, हे कशानं भाजलं?"

बाईनं भिंतीकडं तोंड केलं. केसपेपरवर सुनंदानं लिहिलं, 'जुनी भाजल्याची जखम, कारण सांगत नाही.'

सिस्टरांनी ते वाचलं आणि आधी पडदा ओढला. बाईजवळ बराच वेळ बसल्या. बाहेर आल्यावर सुनंदाला म्हणाल्या, "कारण सांगत नाही असं नसतं. आपण विचारलं कसं, ते बघायचं."

मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "ते पान मी उगीच उलटलं गं."

तेव्हा ट्रे धरून मुनीरा उभी होती. तिनं ट्रे ठेवला आणि पडद्याची राहिलेली फट ओढून घेतली.

*

दुपारी आम्ही दोघी निर्जंतुक करायच्या ड्रममध्ये भरायला गॉजच्या घड्या करत बसलो. दहा-बारा घड्या झाल्यावर मुनीरा म्हणाली, "ताई, त्या बाईला भाजलेलं नव्हतं."

मी म्हटलं, हो, सिस्टर बोलल्या.

"मला आधीच कळलं होतं. मी सात वर्षांची होते. आईसक्रीम खायला जायचंय म्हणून नेलं होतं."

त्यांचा समाज नसरीनच्या लोकांहून वेगळा, अगदी लहान, आणि घरात याबद्दल कुणी बोलत नाही. तिची धाकटी बहीण सकिना आता सात वर्षांची झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत आई तिला मोठ्या शहरात आत्याकडं नेणार होती. कशासाठी, ते मुनीराला ठाऊक होतं.

वर्गात सगळ्यात वयानं मोठी मी, एका मुलीची आई मी. मी काय म्हणावं? मी म्हटलं, "चहा घेतेस?"

अजून लाज वाटते. पण मुनीरा म्हणाली, "साखर जास्त टाका," आणि माझ्या खांद्याला टेकून बसली.

*

सकिना त्या सुट्टीत आत्याकडं गेली नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर माझ्यासारखीची झोप उडायची.

झालं असं, की तिची आई तिला घेऊन निघाली आणि परभणीत अडकली. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसट्या डेपोतच. दोघी होस्टेलवर आल्या. मीही गौरीला दिवाळीच्या खरेदीसाठी आणून तशीच अडकलेले. मुनीरानं सुनंदालाही सांगितलं होतं आणि आम्ही तिघींनी ठरवलं होतं, की कधी गाठ पडलीच तर मुनीराच्या आईला नीट समजावायचं. सुनंदानं सगळे दुष्परिणाम क्रमानं पाठ केले होते. ऐन वेळी ती एवढंच म्हणाली, "मावशी, अजून एक बिस्कीट घ्या की."

शेवटी मुनीराच बोलली. "माँ, मला सगळं आठवतं."

तिच्या आईनं हातातलं बिस्कीट परत बशीत ठेवलं. मग मुनीराला नाही, मला म्हणाली, "माझ्या आईनं मला नेलं. मी हिला नेलं. आता धाकटीला नको म्हणू, तर हिला काय तोंड दाखवू?"

कोपऱ्यात गौरी सकिनाच्या हाताला पट्टी गुंडाळत होती. सकिना अर्धी पट्टी लोंबत ठेवून उठली, आईच्या समोर येऊन उभी राहिली आणि तिच्याकडं नीट बघत म्हणाली,

"माँ, तू तेव्हा माझ्याएवढी होतीस?"