सुरेखा वैनींचं पहिलं भाषण

त्या दिवशी माइक खराब झाला नव्हता.

मी बंद केला होता.

आज सकाळी लातूरच्या दवाखान्यात सुरेखा वैनी गेल्या. आमच्या गावच्या माजी सरपंच. दुपारी मातीला सगळं गाव होतं. तिथं अण्णा, म्हणजे वैनींचे मालक, दोन शब्द बोलले.

"लई शांत बाई होती. चारचौघांत बोलायची तिला आवडच नव्हती."

लोकांनी माना हलवल्या. मी पण हलवली.

घरी आलो, ताट बाजूला सारलं. हे लिहायला बसलो.

किल्लारीजवळ आमचं गाव. माझा मंडप आणि साउंडचा धंदा. काही वर्षांमागं सरपंचपद महिलेला सुटलं आणि अण्णांनी वैनींचा फॉर्म भरला. निवडून त्या आल्या, खुर्चीत अण्णा बसले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पण २६ जानेवारीला वैनींनी स्वतः भाषण करायचं ठरवलं. आयुष्यातलं पहिलं.

आठ दिवस आधी माझ्या दुकानात आल्या.

"भाऊजी, माइक तोंडापासून किती लांब धरायचा वो?"

"चार बोटं, वैनी."

तिथंच हनुवटीला चार बोटं लावून बघितली आणि हसल्या.

भाषणात कामाचा मुद्दा एकच होता. पाण्याची नवी लाइन आधी खालच्या वस्तीला जाणार. तिथल्या बाया लांबच्या हापशावरून घागरी आणायच्या.

अण्णांनी तीच लाइन वरच्या गल्लीला कबूल करून ठेवली होती.

झेंड्याच्या आधी अण्णा माझ्या साउंडच्या मिक्सरपाशी आले.

"तिनं पाण्याचं नाव काढलं की आवाज बंद कर."

"अण्णा, अख्खं गाव बसलंय."

"गावातले कार्यक्रम पायजेत ना तुला?"

पाहिजे होते.

वैनी उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, माइक बरोबर चार बोटं लांब. नमस्कार झाला, शाळेच्या लेकरांचं कौतुक झालं. आवाज थरथरत होता, पण अडखळल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "आता पाण्याचं सांगते."

मी आवाज खाली ओढला.

त्या बोलतच होत्या. ओठ हलत होते, आवाज नाही. पुढं बसलेली लेकरं फिदीफिदी हसायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येईना!" वैनींनी माइकवर टकटक केलं, फुंकर मारली, त्याचं बटन खालीवर केलं. मग माझ्याकडं बघितलं.

मी वायर तपासायचं नाटक केलं.

अण्णांनी त्यांच्या हातातून माइक घेतला. मी आवाज वर केला.

"हॅलो, हॅलो. बघा, माझ्या हातात कसा चालतोय! बाईच्या हातात गेला की लाजतो बिचारा."

अख्खं मैदान हसलं. शाळेचे मास्तर हसले. मी पण हसलो.

वैनी खुर्चीत जाऊन बसल्या. कार्यक्रम संपेपर्यंत मान वर केली नाही.

कुणीतरी व्हिडिओ काढलेला. त्याला गाणं लावलं, वर लिहिलं "मुकी सरपंच". तालुकाभर फिरला. मी पण दोन ग्रुपवर फॉरवर्ड केला. हसायच्या इमोजीसकट.

दुसऱ्या दिवशी त्या परत दुकानात. मला वाटलं, कळलं यांना.

"भाऊजी, माझ्यामुळं तुमच्या साउंडला नावं ठेवायलेत लोक. माझं काय चुकलं वो?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "तुमचाच अंगठा बटनावर पडला असल, वैनी."

"व्हय का," म्हणाल्या. आणि उजव्या हाताच्या अंगठ्याकडं बघत राहिल्या.

नंतर त्यांनी कधीच माइक घेतला नाही. ग्रामसभेला यायच्या, अण्णा बोट ठेवतील तिथं सही करायच्या. लाइन वरच्या गल्लीला गेली. खालच्या वस्तीत आजही घागरीच आहेत.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात गेलो. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो. अण्णा खाली चहाला गेले होते. वैनी पार वाळलेल्या, आवाज बसलेला. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या.

"आमच्या प्राचीला शाळेत भाषणाला घ्यायलेत, भाऊजी. मीच न्हाई म्हणलं. आमच्या हाताला ते जमत न्हाई. उगं हसं होतंय पोरीचं."

मी म्हणालो, "बरं केलं, वैनी."

आणि एसटी धरून गावी आलो.

अण्णा, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचेलच. डिलीट करणार नाही.

प्राची, तुझ्या आईचं भाषण मी समोर बसून ऐकलंय. बाई चांगली बोलत होती.

वैनी, तुम्हाला श्रद्धांजली वाहायचं तोंड मला नाही.

जावा सुखानं.